झाकण दिसेनासं होईपर्यंत

सतराव्या दिवशी सकाळी धाकटीनं मोजलं तेव्हा मागच्या अंगणातल्या तळ्यात सात सोनेरी मासे होते. लिलीच्या दोन कुंड्या होत्या, दोन्हींची मिळून एकोणीस पानं. त्यांतली अकरा पिवळी पडली होती, तीन सडली होती. कळी एकही नव्हती. काठाच्या दगडांना चिकटलेल्या गोगलगायी बावीसपर्यंत मोजता आल्या, पुढच्या शेवाळाच्या जटांत हरवल्या. पंप चालू होता पण पाणी पडत नव्हतं, नुसता घरघरत होता. सर्वांत खोल जागी खोली एक्क्याण्णव सेंटीमीटर. पांढरं झाकण अठ्ठाविसावर दिसेनासं झालं.

झाकण हे आईचं यंत्र. आई शिवणकाम करायची. तिनं एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्याचं पांढरं झाकण घेतलं होतं, मध्ये भोक पाडून खाली जड नट बांधला होता आणि वरून कपड्यांची मापं घ्यायची जुनी टेप जोडली होती. हे पाण्यात हळूहळू सोडायचं. झाकण दिसेनासं झालं की टेपवरचा आकडा वाचायचा. आकडा जितका मोठा, तितकं पाणी नितळ. दर रविवारी ती हे करायची आणि वहीत लिहायची. वही एकच होती. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून तळ्याची. "तळ्याचं एक बरं असतं," ती म्हणायची, "माप घेताना पोट आत ओढत नाही."

वहीच्या मागच्या बाजूला गेल्या चार वर्षांत जवळजवळ प्रत्येक रविवारी एकच नोंद होती. दिसलं: तळ (९१). म्हणजे झाकण तळाला टेकलं तरी दिसत होतं.

चार दिवसांच्या आजारात आई गेली त्याला सोळा दिवस झाले होते. या सोळा दिवसांत तळ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. धाकटी रडली नव्हती. रडू येत नाही याचं तिला वाईट वाटत नव्हतं, आणि वाईट वाटत नाही याचंही नाही. ती कामावर जात होती, परत येत होती, दोन माणसांचा भात लावत होती. बाबा मागच्या दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. ती जाताना बसलेले, येताना बसलेले. शर्टाची बटणंसुद्धा तीच, एक वर-खाली लावलेलं.

आणि सतराव्या दिवशी, रविवारी, ती झाकण गुंडाळून ठेवत असताना बाबा खुर्चीतून उठले.

दारात उभं राहून त्यांनी तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे असं ठेवायचं नाही. ब्रश आण."

बाबांनी उभं आयुष्य एका हॉस्पिटलात काढलं होतं. डॉक्टर नव्हते. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याची खोली त्यांच्या ताब्यात होती. चिमटे, कात्र्या, सुऱ्या, सगळं त्यांच्या हातून धुऊन, उकळून, वाफेतून काढून पुढं जायचं. बत्तीस वर्षांत त्यांच्या खोलीतून गेलेल्या एकाही हत्यारावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घरात चमचा धुतला तरी ते उजेडात धरून बघत.

तळं त्यांनी तसंच धुतलं. मासे आणि सापडल्या तेवढ्या गोगलगायी जुन्या पाण्याच्या टबात काढल्या, पंप मोकळा करून सगळं पाणी गटारात सोडलं. तळाचा काळा गाळ खराट्यानं ओढून पाटीत भरला आणि गेटाबाहेर नेऊन टाकला. भिंती वरून खाली घासल्या. "खालून वर कधीच नाही," ते म्हणाले, "घाण वर चढवायची नसते." ब्लीचिंग पावडर कालवली, फासली, अर्धा तास ठेवली, तीनदा धुतली. लिलीच्या कुंड्या बाहेर काढून पानं छाटली. फिल्टरचा तपकिरी स्पंज नळाखाली पिळत राहिले, पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि मग स्पंज पांढरा होईपर्यंत.

धाकटी हातात पाइप धरून उभी होती.

तिला हे सगळं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, तिचा पगारच त्याबद्दल होता. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरतं ते मोजायची. आदल्याच दिवशी त्यांच्या भागातला आकडा तिनं स्वतःच्या हातानं भरला होता: लिटरमागे शून्य पूर्णांक चार मिलिग्रॅम. माणसाला बरं, तळ्याला नाही. त्या तपकिरी स्पंजात आणि त्या काळ्या गाळात अनेक वर्षांत जमलेले जिवाणू होते. माशांच्या विष्ठेतून अमोनियाचं जे विष पाण्यात उतरतं ते पचवून टाकणारे. ते गेले की पाणी शुद्ध दिसेल, पण ते मेलेलं पाणी असेल. हे सगळं तिच्या डोक्यात पुस्तकातल्या परिच्छेदासारखं सरळ उभं होतं.

पण बाबांच्या कपाळावर घाम होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. सोळा दिवसांनी त्यांचे हात काहीतरी करत होते. तिनं मिठाची गुळणी धरली.

एकच वाक्य ती बोलली. "मासे दोन दिवस टबातच राहू देत, बाबा. जुन्या पाण्यात."

"राहू देत," बाबा म्हणाले.

संध्याकाळी तळं भरलं. बाबांनी स्वतः झाकण सोडलं. ते सरळ तळाला जाऊन टेकलं, दुधासारखं पांढरं. बाबांनी टेप वाचली. "चौऱ्याण्णव. म्हणजे तीन सेंटीमीटर नुसती घाण होती." मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ. ऑपरेशन करता येईल यात."

पाच दिवस तसंच राहिलं. बाबा सकाळी उठून आधी तळं बघायचे. मासे टबातून परत सोडले होते, ते त्या नितळ पाण्यात हवेत टांगल्यासारखे दिसायचे. सहाव्या दिवशी पाण्याला किंचित हिरवी झाक आली. आठव्या दिवशी मासे सकाळी वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. नवव्या दिवशी झाकण अकरावर दिसेनासं झालं, आणि एक मासा आडवा तरंगत होता. अकराव्या दिवशी दुसरा.

बाबांनी दोन्ही मासे जाळीनं काढले, पेरूच्या झाडाखाली पुरले, ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

बाराव्या दिवशी दादाचा फोन आला. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावात लिफ्ट दुरुस्त करायचा. तो, वहिनी आणि त्यांची दोन वर्षांची चिमणी असे तिघं आता इकडेच राहायला येणार होते. बाबांना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते धाकटीला आठवत नव्हतं, पण तिनं हो म्हटलं होतं एवढं आठवत होतं.

"सहा आठवड्यांनी रविवारी पोचतो," दादा म्हणाला. "आणि ते तळ्याचं काय? तुझ्या वहिनीला तू फोटो पाठवलास तो मी पाहिला. पालकाचं सूप झालंय."

"होईल कमी."

"हे बघ, मी भांडत नाहीये. आईचं आहे, मला कळतं. पण चिमणी आता धावते. दार उघडं दिसलं की सुटते. मी ज्या खड्ड्याचा तळ दिसत नाही त्यात माझा माणूस उतरवत नाही, आणि पोरीला त्याच्या काठावर सोडू? पाणी नितळ असेल तर निदान पडलेलं दिसतं तरी. मग मी वरून लोखंडी जाळी बसवतो, माझ्या हातानं. पण तळ दिसला नाही तर माती मागवतो. दोन ट्रकांत बुजेल."

"दादा—"

"सहा आठवडे आहेत. तू तर पाण्याचीच डॉक्टर आहेस ना?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. फोन ठेवल्यावर धाकटीनं आठवड्यांचे दिवस केले. बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी तिनं एका बाटलीत तळ्याचं पाणी भरून कामावर नेलं. टेबलावर वेगवेगळ्या टाक्यांच्या बारा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, तेरावी हिरवी. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई चष्मा कपाळावर सरकवून ओळीपाशी थांबल्या.

"ही कुठल्या टाकीची गं?"

"घरची. मागचं तळं."

"पाणीखात्यातल्या मुलीच्या घरी हे पाणी? बाहेर बोलू नकोस, लोक आपल्याला दारात उभं करणार नाहीत." मग त्यांनी आकडा पाहिला आणि चष्मा खाली घेतला. "अमोनिया दोन? यात जिवंत काय आहे?"

"सातांतले पाच मासे."

"धीराचे आहेत," बाई म्हणाल्या, आणि जरा वेळानं, "तू जेवतेस ना वेळेवर?"

"हो," धाकटी म्हणाली. ते खरं होतं.

त्या संध्याकाळी आकडा लिहिण्यासाठी तिनं आईची वही मागून उघडली. ती नुसता आकडा लिहून मिटणार होती. पण रिकाम्या पानाकडे जाताना चार वर्षांपूर्वीची एक ओळ दिसली, कारण त्या पानावर 'तळ' सोडून दुसरं काहीतरी लिहिलं होतं. "पोस्टातल्या बाईंना एक बादली गाळ दिला. फिल्टरचा अर्धा स्पंज कापून दिला."

ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग स्वयंपाकघरात गेली. बाबा तिथं पाणी प्यायला आले होते.

"बाबा, गाळ टाकायला नको होता."

बाबा ग्लास हातात धरून उभे राहिले.

"स्पंजही नळाखाली धुवायला नको होता. त्यात जे होतं त्यानंच पाणी साफ राहत होतं. आपण ते मारलं."

"आपण नाही. मी."

"पाइप मी धरला होता."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तेव्हाच?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खुर्चीतून उठला होतात," धाकटी म्हणाली.

बाबांनी ग्लास विसळला, उजेडात धरून पाहिला, पालथा घातला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी बोल. मी उठलेला असलो तरी."

धाकटीनं फोन केल्यावर पोस्टातल्या काकू दोन दिवसांनी आल्या. पूर्वी पोस्टात पत्रं लावायचं काम करायच्या, आता त्यांच्याही अंगणात एक छोटं तळं होतं. एका हातात झाकणाची बादली, दुसऱ्यात पिशवी, आणि फाटकापासूनच बोलणं सुरू.

"तुमच्या आईनं मला काय भेट आणली होती माहितीये? चिखल! लोक नव्या घरी फुलं आणतात, मिठाई आणतात. ही बाई दारात बादली घेऊन उभी. म्हटलं, अहो शिवणवाल्या बाई, माझं काही चुकलं का? तर म्हणे, हा आत घाला आणि तीन आठवडे तळ्याकडे बघूसुद्धा नका." त्यांनी बादली काठावर टेकवली. "चार वर्षांत एकदाही हिरवं झालं नाही माझं. घ्या. पाठवणाऱ्याकडे परत. पोस्टाची सवय जात नाही."

बाबा खुर्चीतून उठून दारापर्यंत आले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि तुम्ही हो! ऐकलं मी. तळ्याला आंघोळ घातलीत म्हणे साबणानं."

"साबणानं नाही," बाबा म्हणाले. "ब्लीचिंग पावडर."

"वा! मग बरोबरच आहे!" काकू म्हणाल्या, आणि बाबांच्या नाकातून एक छोटा आवाज आला. तो हसण्याचा होता असं धाकटीला नंतर वाटलं.

बादलीतला काळा गाळ त्यांनी हलक्या हातानं तळ्यात सोडला. तो खाली खाली जाऊन सर्वांत खोल जागी बसणार होता. पिशवीतला तपकिरी स्पंज काकूंनी पांढऱ्या स्पंजावर पिळला. चहासारखं पाणी ओघळलं. बाबा ते बघत होते. त्यांचा हात एकदा नळाकडे गेला आणि परत आला.

"अजून सावली हवी," काकू म्हणाल्या. "तिनातले दोन वाटे पाणी झाकलं पाहिजे. जलपर्णी आणते थोडी."

"जलपर्णी?" धाकटी म्हणाली. "आमचं खातं ती नदीतून काढायला यंत्रं लावतं."

"मग नदीला सांग, आमच्याकडे पाठव म्हणून."

पुढचं काम साधं होतं आणि कंटाळवाणं होतं. माशांना दाणे दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर. पिवळं पान दिसलं की देठाशी कापून बाहेर. दर रविवारी दहावा हिस्सा पाणी बदलायचं, तेही नळाचं थेट नाही. पिंपात दोन दिवस उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं. स्पंज धुवायचाच तर तळ्याच्याच पाण्यात, तोही अर्धाच. बाबांना हे अर्ध्यावर थांबणं जड जायचं. अर्धा पिळलेला, अजून तपकिरी असलेला स्पंज परत बसवताना त्यांची बोटं आखडायची. पण बसवायचे.

धाकटी रविवारी सकाळी झाकण सोडायची. पहिल्या रविवारी तेरा. दुसऱ्या रविवारी बारा. तिला निराशा वाटायला हवी होती. तिनं बारा लिहिलं. कामावर अमोनिया एकावर आला, मग अर्ध्यावर, मग यंत्रानं शून्य दाखवलं. प्रमुख बाईंनी त्या बाटलीला "पाहुणा" असं नाव ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी झाकण सव्विसावर गेलं. चौथ्याला सत्तेचाळीस. लिलीला नवी पानं आली, तांबूस, गुंडाळलेली. पाचव्याला अडुसष्ट.

मधल्या काळात आईच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवायचं होतं, कारण ती खोली दादाची होणार होती. बाबा आणि धाकटीनं ते दोन्ही बाजूंनी उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. त्याच्या खालच्या फरशीवर दोऱ्याचे तुकडे होते, सात रंगांचे. ते तिनं मोजले आणि केरात टाकले.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी तिनं मध्येच एकदा झाकण सोडलं. एक्काहत्तर. अडुसष्टावरून एक्काहत्तर, तीन दिवसांत तीन. आदल्या आठवड्यात दिवसाला तीन वाढत होतं, आता एकच. तिनं वहीच्या कडेला गणित केलं. या वेगानं रविवारी पंचाहत्तर. जुन्या वेगानं असतं तरी त्र्याऐंशी. तळ कुठल्याच हिशेबात बसत नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कट्ट्यावर एक निळी बाटली होती. बाबा शेजारी उभे होते. ते स्वतः बाजारात गेले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"शोभेच्या माशांच्या दुकानातून आणली," ते म्हणाले. "दुकानदार म्हणाला, एक टोपण टाका, दोन दिवसांत काच. हिरवं सगळं मरून खाली बसतं."

धाकटीनं बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. तांब्याचं औषध. शेवाळ मरेल, दुकानदाराचं खरं होतं. मग ते मेलेलं शेवाळ सडेल, सडताना पाण्यातला प्राणवायू खाईल. गोगलगायी जातील. लिलीची नवी पानं करपतील. गाळात जे पुन्हा जगायला लागलं होतं त्यातलं बरंचसं जाईल. रविवारी तळ दिसेल. पुढच्या रविवारी नाही.

बाटलीचं सील तसंच होतं.

"मी टाकली नाहीये," बाबा म्हणाले. "विचारतोय."

बाबा वाट बघत होते. त्यांच्या शर्टाची बटणं त्या दिवशी सरळ होती.

"नको," धाकटी म्हणाली.

"मग रविवारी दिसेल का तळ?"

"माझ्या गणितानं नाही."

"मग बुजवेल तो."

"हो."

बाबांनी मान हलवली. बाटली उचलली आणि ब्लीचिंग पावडरच्या डब्यामागं, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. "मग नको," ते म्हणाले. "तुला ठाऊक असतं."

गुरुवार ते शनिवार तिची दुहेरी पाळी होती. उजाडायच्या आत निघायची, घरी येईपर्यंत अंधार पडायचा. झाकण सोडलं असतं तरी काही दिसलं नसतं. दिवसा बाबा पिवळी पानं शोधायचे आणि रात्री तिला सांगायचे, "आज एकच. बाकीची छान पसरलीत." निळी बाटली फळीवर सील न फोडता तशीच होती. तिनं तळ्याकडे बघायचं टाळलं असं नाही. बघितलं, पण आकड्याशिवाय बघण्याला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता.

रविवारी पावणेनऊला दादाची गाडी आली. चिमणी वहिनीच्या कडेवर होती, अर्धवट झोपेत. दादानं सामान उतरवलंच नाही. तो सरळ मागं आला, बाबांच्या पाया पडला, बहिणीच्या डोक्यावर टपली मारली आणि तळ्याकाठी उकिडवा बसला. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर जाळीची लोखंडी गुंडाळी होती. त्याच्या खिशातल्या कागदावर मातीवाल्याचा नंबर होता. दोन्ही त्यानंच सांगितलं.

"मी सोडतो," तो म्हणाला. "नंतर कुणी म्हणायला नको, दादानं डोळे मिटून ठरवलं म्हणून."

"हळू सोड," बाबा म्हणाले. "सावली पडू देऊ नकोस पाण्यावर. हां. डावीकडे सरक. तिथं सगळ्यात खोल आहे."

"बाबा, मी चौदा मजल्यांच्या खड्ड्यात दोर सोडतो."

"तिथं मासे नसतात."

टेप दादाच्या बोटांतून खाली सरकू लागली. पन्नास. साठ. एक मासा झाकणाभोवती फिरून गेला. सत्तर. ऐंशी. दादा पुढं वाकला. वहिनीनं चिमणीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग टेप सैल पडली आणि पाण्यावर तिची एक घडी झाली.

दादानं ती ताणून धरली, आकडा वाचला, पुन्हा वाकून खाली बघितलं. मग टेप धाकटीकडे दिली. तिनंही वाचला. बाबांनी चष्मा पुसून वाचला.

धाकटीनं वही मागून उघडली आणि लिहिलं.

रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. मासे पाच. पानं चोवीस, पिवळी एक. कळ्या दोन. दिसलं: तळ (९२).